खरखर

एलिसेओ बेंतांकोर फडकं सोडतो,
काउंटरवर सहा प्लग मांडतो,
पडलेले दात डॉक्टरला दाखवावेत तसे.
एकावन्न सालची शेवरोले. सहा सिलिंडर, सहा जबान्या.
कपाळावरचा चष्मा खाली ओढून मी एकेक वाचते.
पहिले दोन ठीक, भाजल्या बिस्किटाच्या रंगाचे.
तिसरा काजळलेला. चौथा ओलाच,
पेट्रोल पिऊन झिंगलेला.

"गाडी दामटत नाहीस तू," मी म्हणते,
"धक्क्यापर्यंत जातोस, नदी बघतोस, परत फिरतोस.
इंजिन तापायच्या आत घर येतं.
तुला जरा गरम जातीचा प्लग हवा,
आपली काजळी आपणच जाळणारा."
तो मान हलवतो. त्याला माहीत असतं सगळं.
फ्राय बेंतोसमधले म्हातारे बायकोचा वाढदिवस विसरतील,
पण कुठला सिलिंडर कुणामागून पेटतो ते झोपेत सांगतील:
एक, पाच, तीन,
सहा, दोन, चार.

प्लगचं जमलं. वायरींवर गाडं अडलं.

मागच्या महिन्यात मीच गळ्यात मारल्या होत्या त्याच्या,
नव्या, निळ्या, कार्बनच्या गाभ्याच्या.
म्हटलं होतं, तुझी गाडी गेली की
अख्ख्या गल्लीचे रेडिओ टरटरतात, लोक मला बोलतात.
ह्या आवाज गिळतात.
आणि गिळला त्यांनी, इमानदारीत.

आज त्या सगळ्या गुंडाळून आणल्यात,
सहा, आणि कॉइलची सातवी.
"पैसे ठेव, नेरेइदा. तांब्याच्या दे."
"त्या कुणी मागत नाही आता."
"मी मागतोय."

कशाला, म्हणून विचारलं.
तो बराच वेळ भिंतीवरच्या टायरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला,
तिथे अजून मार्चच होता.
मग म्हणाला,
देल्मिराला दिसत नाही. पाडव्यापाडव्याने नव्हे, एकदमच गेलं.
स्वयंपाकघरात बसते, रेडिओ कानाशी.
पलीकडच्या काठावरून मालिका लागते संध्याकाळी.
चाळीस वर्षं असंच चाललंय,
मी कोपऱ्यावर वळलो
की नायिकेच्या हुंदक्यात टर्र टर्र टर्र,
आणि हिने तवा चढवायचा.
"परवा आत गेलो, म्हटलं, मी आलोय.
हातातली थाळी पडली तिच्या.
घरात चोर शिरल्यासारखी बघत होती,
म्हणजे, बघत नव्हती."

"हॉर्न वाजव की कोपऱ्यावर," मी म्हटलं.
"हॉर्न परक्यांसाठी असतो."

शिडी लावली. सगळ्यात वरच्या फळीवर
बापाच्या वेळचं रीळ, सुती विणीचं वेष्टण,
हात लावताच जुन्या लाखेचा वास.
आतला तांब्याचा पीळ अजून लालबुंद.
हाताने मापून सहा तुकडे केले, सातवा आखूड,
टोकांना पितळी टोप्या दाबल्या.
प्लगही बदलले, बिनरोधकाचे काढले,
नाहीतर इकडे तोंड उघडायचं नि तिकडे दाबायचं.
फट पाहिली पातीने, इंचाचे पस्तीस हजारांश,
दोन नखांच्या जाडीएवढी.
तेवढ्या अंतरात ठिणगीने उडी मारायची,
आणि तिची बातमी
तीन भिंतींपलीकडे जायची.

निळ्या वायरी मी परत घेतल्या नाहीत.
त्याने त्या काउंटरवरच सोडल्या.
आता पिशव्यांची तोंडं बांधायला कामी येतात.

काल रविवार. दुकान बंद, मी पायरीवर,
शेजारी रेडिओ, सामन्याची शेवटची दोन मिनिटं,
बरोबरी, आणि पेनल्टी.
निवेदकाने श्वास घेतला.
खेळाडू धावला,
टर्र टर्र टर्र टर्र
शेवरोले समोरून गेली, संथ, ऐटीत,
एलिसेओने टोपी उचलली.
खरखर ओसरली तेव्हा स्टेडियम ओरडत होतं,
कुणाच्या बाजूने, कळेना.

मी त्याला एक सणसणीत शिवी घातली.
पलीकडच्या गल्लीत कांदा परतल्याचा वास सुटला.